विनामूल्य, परंतु मूल्यहीन नव्हे

उत्सवाची स्मरणिका हाती आली म्हणजे बहुतेक सभासद प्रथम आभारांचे पान उघडतात. तेथे महाप्रसाद रांधणाऱ्या भगिनींची नावे असतात, मखर उभारणाऱ्या तरुणांची असतात, फुले, नारळ व तांदूळ पाठविणाऱ्या दुकानदारांची असतात. ही प्रथा योग्यच आहे. ज्याने कार्यास हात लावला त्याचे नाव चारचौघांत घ्यावे, हा आपल्याकडील जुना शिष्टाचार होय. परंतु या यादीतून काही नावे बहुधा राहून जातात. सभागृहाचा भाडेकरार फ्रेंच भाषेत होता, तो रात्री जागून ओळीओळीने वाचणारे वकील. वर्षाचा जमाखर्च जुळवून विवरणपत्र मुदतीत धाडणारे हिशेबनीस. विम्याच्या अटी समजावून देणारे विमाव्यवसायी. आपल्या दुकानातील मालसाठ्याची पद्धत मंडळाच्या कोठीला शिकविणारे व्यापारी. या मंडळींनी पातेले उचलले नाही की तोरण बांधले नाही, म्हणून त्यांचे काम कोणाच्या डोळ्यांत भरले नाही. त्यांनी दिले ते आपले व्यावसायिक कौशल्य. या वर्षी या सदरात त्या न दिसणाऱ्या दानाचा विचार करावयाचा आहे.

लव्हाल हे नगर वयाने फारसे जुने नाही. माँट्रियालच्या उत्तरेस दोन नद्यांच्या मध्ये इल जेझू नावाचे बेट आहे. त्या बेटावरील चौदा गावे १९६५ साली एकत्र करून हे नगर स्थापन करण्यात आले, आणि सतराव्या शतकात ज्यांच्याकडे या बेटाची जहागीर होती त्या बिशप फ्रान्स्वा द लव्हाल यांचे नाव त्यास मिळाले. २०२१ च्या शिरगणतीत येथील लोकसंख्या ४,३८,३६६ इतकी भरली. अशा नगरात दूरदूरच्या बेटांतून आणि देशांतून आलेली कुटुंबे स्थिरावतात, तेव्हा त्यांची मंडळे बहुधा कोणाच्या तरी बैठकीच्या खोलीत जन्म घेतात. पाच घरे भजनासाठी जमतात, त्यांची वीस होतात, मग सणासाठी शाळेचे सभागृह घ्यावे लागते, देणग्या गोळा होतात, आणि एके दिवशी कोणीतरी विचारतो, "हे पैसे नेमके कोणाच्या नावावर आहेत?" त्या प्रश्नाबरोबर भजनी मंडळाची संस्था होते, आणि संस्था झाली की कागद सुरू होतात.

हे कागद कोणते, ते एकदा सांगणे इष्ट आहे. केबेक प्रांतात ना-नफा संस्था स्थापण्याचा नेहमीचा मार्ग म्हणजे प्रांताच्या कंपनी कायद्याच्या तिसऱ्या भागाखाली सनद घेणे. संस्थेची नोंद प्रांताच्या उद्योग-निबंधकाकडे होते, आणि ती नोंद दरवर्षी अद्ययावत करावी लागते. देणगीदारास करसवलतीची पावती द्यावयाची असेल, तर याखेरीज ओटावा सरकारच्या महसूल खात्याकडे धर्मादाय संस्था म्हणून निराळी नोंदणी लागते. ही नोंदणीपद्धती १९६७ पासून चालत आलेली आहे. धर्मादाय कशास म्हणावे याची कसोटी तर त्याहून जुनी, १८९१ च्या एका इंग्लिश निकालातील आहे: दारिद्र्यनिवारण, विद्याप्रसार, धर्मप्रसार आणि समाजास हितकर असे अन्य कार्य. नोंदणी मिळाल्यावर आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांच्या आत वार्षिक विवरणपत्र गेलेच पाहिजे.

ते न गेल्यास काय होते, याची कल्पना पुष्कळ सभासदांस नसते. प्रथम स्मरणपत्रे येतात. ती जुन्या चिटणिसाच्या पत्त्यावर जातात, आणि जुने चिटणीस तर दोन वर्षांपूर्वी टोरांटोस गेलेले असतात. पुढे नोंदणी रद्द होते. नोंदणी रद्द झाली म्हणजे केवळ पावत्या थांबतात असे नव्हे. संस्थेची देणी फेडून जी मालमत्ता उरेल ती वर्षाच्या आत दुसऱ्या पात्र धर्मादाय संस्थेकडे सोपवावी लागते. अन्यथा तेवढ्याच किमतीचा कर सरकारात भरावा लागतो. वीस वर्षे वर्गणी गोळा करून जी वास्तू उभारली, ती चोराने नेली नाही, आगीत गेली नाही; एक कागद वेळेवर गेला नाही म्हणून ती हातची जाण्याची पाळी येऊ शकते. ज्या हिशेबनिसाने दोन संध्याकाळ बसून तो कागद पाठविला, त्याने त्या वास्तूचे छप्परच धरून ठेवले असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही.

कागद आणि मनुष्याचे भाग्य यांचा संबंध ज्यांना कोणी शिकवावा लागत नाही, असा समाज म्हणजे करारबद्ध मजुरांच्या वंशजांचा. कोकणातून मुंबई बंदरावाटे जी माणसे मॉरिशसला गेली, त्यांच्यापैकी बहुतेकांच्या दृष्टीने करार ही वाचण्याची वस्तू नव्हती, अंगठा उमटविण्याची होती. त्या बेटावर १८३४ पासून मजूर उतरू लागले. कराराची मुदत भरलेला मजूरही तेथे मोकळा नव्हता. १८६७ च्या कायद्याने अशा जुन्या मजुरास आपले छायाचित्र असलेले तिकीट व पोलिसांचा परवाना सतत जवळ बाळगावा लागे. तो जवळ नसेल तर भटक्या ठरवून अटक होई. एक दिवस कामास चुकले तर दोन दिवसांची मजुरी कापली जाई. अन्याय चाबकाने होत असे तसा कागदानेही होत असे, आणि कागदाचा अन्याय कागदानेच दूर करावा लागतो.

तो कागद लिहावयास पुढे आला अ‍ॅडॉल्फ द प्लेव्हित्झ. हा गृहस्थ स्वतः मळ्यांच्या जगातला, नुव्हेल देकुव्हर्त येथील मळ्याचा कारभार पाहणारा. १८७१ साली राजरत्नम मुदलियार यांच्या साह्याने त्याने जुन्या मजुरांचा अर्ज तयार केला. त्यावर ९,४०१ मजुरांच्या सह्या व निशाण्या होत्या. मळेवाले खवळले, भर रस्त्यात त्यास मारहाण झाली, त्यास बेटाबाहेर घालवावे असा उलट अर्जही गव्हर्नरकडे गेला. परंतु अर्ज दप्तरात शिरला होता. १८७२ साली राजनियुक्त चौकशी आयोग बसला, १८७५ साली त्याचा अहवाल प्रसिद्ध झाला, आणि १८७८ साली नवा मजूर कायदा आला. द प्लेव्हित्झ वकील नव्हता. त्याच्यापाशी होते ते शिक्षित माणसाचे लेखन आणि सरकारी कारभाराची माहिती. तेवढे त्याने अक्षरशून्य माणसांच्या हाती ठेवले.

पुढे तीन तपांनी त्याच बेटावर खरोखरचे बॅरिस्टर आले. बडोद्याचे मणिलाल डॉक्टर (डॉक्टर हे त्यांचे आडनाव) हे गांधीजींच्या प्रेरणेने १९०७ साली मॉरिशसला पोहोचले आणि १९११ पर्यंत तेथे राहिले. न्यायालयात ते मजुरांच्या बाजूने उभे राहिले, १९०९ साली त्यांनी 'हिंदुस्थानी' हे पत्र काढले, आणि त्याच वर्षीच्या राजनियुक्त आयोगापुढे साक्ष देऊन मजुरांची गाऱ्हाणी मांडली. पुढे १९१२ मध्ये ते फिजीला गेले. मजुरांसाठी न्यायालयाचे दार प्रथमच आतून उघडणारा माणूस म्हणून त्यांचे स्मरण त्या बेटावर आजही केले जाते.

वकिलाने सार्वजनिक कार्य विनामूल्य करावयाचे, तर त्याचा स्वतःचा संसार कसा चालावा, हा प्रश्न येथे उपस्थित होतो. त्याचे उत्तर नाताळमधील डर्बन शहराने दिले आहे. १८९४ साली गांधीजी स्वदेशी परतण्याच्या बेतात असता तेथील व्यापाऱ्यांनी त्यांना थांबवून घेतले. सार्वजनिक कामाचा मोबदला घेणार नाही, असे गांधीजींनी स्पष्ट सांगितले. तेव्हा सुमारे वीस व्यापाऱ्यांनी आपापल्या पेढीचे खासगी वकिलीचे काम वर्षभरासाठी त्यांच्याकडे सोपविले, आणि दादा अब्दुल्ला यांनी त्यांच्या घरासाठी लागणारे सामान घेऊन दिले. अशा रीतीने वकिलाचा चरितार्थ व्यापाऱ्यांच्या नेहमीच्या कामावर चालू लागला आणि त्याची उरलेली बुद्धी समाजाच्या कामास मोकळी झाली. विनामूल्य सेवेचे मूल्य कोणीतरी भरतच असतो. ते कोणी भरावे याची चोख व्यवस्था त्या व्यापाऱ्यांनी केली होती.

मताधिकार काढून घेणाऱ्या विधेयकाविरुद्ध त्या साली जे अर्ज गेले, त्यांची हकीकतही मनन करण्याजोगी आहे. मसुदा वकिलाने केला. आर्थर नावाच्या एका वृद्ध गृहस्थांचे अक्षर सुंदर म्हणून प्रसिद्ध होते; मुख्य प्रत त्यांनी लिहिली. बाकीच्या प्रती एकाने सांगितल्या व इतरांनी लिहून घेतल्या. सह्या गोळा करण्यासाठी व्यापारी आपल्या घोडागाड्या घेऊन निघाले. ज्यांच्याजवळ गाडी नव्हती त्यांनी भाड्याची केली आणि भाडे आपल्या खिशातून दिले. पुढे लॉर्ड रिपन यांच्याकडे गेलेल्या मोठ्या अर्जावर पंधरवड्यात दहा हजार सह्या जमल्या. ज्याच्याजवळ जे होते ते त्याने दिले: कोणी कायद्याचे ज्ञान, कोणी वळणदार अक्षर, कोणी घोडा आणि गाडी. यालाच आजच्या भाषेत व्यावसायिक कौशल्याचे दान म्हणतात.

त्याच वर्षी बालसुंदरम् नावाचा एक तमिळ करारबद्ध मजूर मालकाच्या मारहाणीने रक्तबंबाळ होऊन, पुढचे दात मोडलेल्या स्थितीत गांधीजींच्या कचेरीत आला. गांधीजींनी त्यास आधी वैद्याकडे नेले, जखमांचा दाखला घेतला, आणि मग न्यायाधीशासमोर उभे केले. मालकाला शिक्षा व्हावी यापेक्षा मजुराची त्याच्या तावडीतून सुटका व्हावी, हा हेतू होता; म्हणून त्याचा करार दुसऱ्या मालकाकडे वर्ग करून घेण्यात आला. वैद्याचा दाखला, वकिलाचा अर्ज आणि तमिळ जाणणाऱ्या कारकुनाचे दुभाषेपण, या तिन्ही विद्या एकत्र आल्या म्हणून एक माणूस सुटला. एकटी सहानुभूती त्यास सोडवू शकली नसती.

आता ज्या भूमीची भाषा या पानावर आहे, त्या भूमीकडे वळू. पुण्याच्या पर्वती देवस्थानाच्या कारभाराविषयी १८७० च्या सुमारास लोकांत असंतोष होता. देवाच्या उत्पन्नाची व्यवस्था नीट होत नाही, अशी तक्रार होती. अशा तक्रारी बहुधा देवळाच्या पायऱ्यांवर जन्मतात आणि तेथेच विरून जातात. परंतु गणेश वासुदेव जोशी या वकिलांनी तिला रीतसर रूप देण्यात पुढाकार घेतला. २ एप्रिल १८७० रोजी पुणे सार्वजनिक सभा स्थापन झाली. सभासद होऊ इच्छिणाऱ्याने निदान पन्नास माणसांचे मुखत्यारपत्र आणावे, असा तिचा नियम होता. 'तुम्ही कोणाच्या वतीने बोलता?' या सरकारी प्रश्नास यापेक्षा नेमके उत्तर कोणते असू शकेल? वकिलाच्या व्यवसायातील एक नेहमीचा कागद घेऊन जोशी यांनी त्यातून लोकप्रतिनिधित्व घडविले. लोकांनी त्यांस 'सार्वजनिक काका' म्हटले. १८७९ साली वासुदेव बळवंत फडके यांच्यावर खटला भरला गेला, तेव्हा त्यांच्या बचावासाठी उभे राहण्याचे धैर्य दाखविणाऱ्यांत हेच काका होते, आणि महादेव चिमणाजी आपटे होते. याच आपट्यांनी पुढे १८८८ साली प्राचीन ग्रंथांच्या जतनासाठी आनंदाश्रम ही संस्था पुण्यात स्थापिली. देवळाच्या हिशेबाच्या एका भांडणातून महाराष्ट्राच्या सार्वजनिक जीवनातील एक आद्य संस्था निर्माण झाली, हे मंडळांच्या वार्षिक सभांत कंटाळणाऱ्या सभासदांनी अवश्य ध्यानात ठेवावे.

आता सांप्रतच्या लव्हालकडे यावे. केबेक प्रांतात शासकीय कायदेसाह्याची व्यवस्था १९७२ च्या कायद्याने झाली. परंतु ती मुख्यतः अल्प उत्पन्नाच्या व्यक्तींसाठी आहे. मंडळाच्या घटनेतील दुरुस्ती किंवा सभागृहाचा करार यांसाठी तिचा सहसा उपयोग नाही. ही उणीव भरून काढण्यास विधिव्यवसायातील मंडळींनी स्वतः पाऊल उचलले आहे. २००८ साली स्थापन झालेली आणि आता 'जस्टिस प्रो बोनो' या नावाने चालणारी संस्था प्रांतातील वकिलांची स्वयंसेवा गरजूंपर्यंत पोहोचविते. १९९६ साली टोरांटो विद्यापीठात सुरू झालेल्या उपक्रमामुळे देशातील विधिविद्यार्थी वकिलांच्या देखरेखीखाली लोकसंस्थांसाठी काम करतात. त्याच्या शाखा माँट्रियालच्या विद्यापीठांतही आहेत. २०२० च्या अखेरीस झालेल्या कायद्याने केबेकमधील विधिविद्यार्थ्यांस विद्यापीठाच्या सल्लाकेंद्रांत वकिलाच्या वा नोटरीच्या देखरेखीखाली सल्ला देण्याची मुभा मिळाली, आणि २०२२ च्या कायद्याने ना-नफा संस्थांमधून विनामूल्य वा अल्पमूल्यात विधिसेवा देण्याचा मार्ग अधिक रुंद झाला.

येथे एका शब्दाचा खुलासा करावयास हवा. भारतात किंवा अन्यत्र ज्यास नोटरी म्हणतात, तो बहुधा सहीशिक्क्याचा अधिकारी असतो. केबेकमधील नोटरी हा स्वतंत्र परंपरेतला पूर्ण शिक्षित विधिज्ञ आहे. घराचे खरेदीखत, तारण, मृत्युपत्र ही त्याची क्षेत्रे होत. न्यायालयातील वाद वकिलाने चालवावयाचा; वाद उत्पन्नच होऊ नये अशा रीतीने कागद करावयाचा तो नोटरीने. मंडळास जागा विकत घ्यावयाची असेल तर प्रथम कोणाचे दार ठोठवावे, हे यावरून समजेल.

हिशेबाच्या क्षेत्रातही अशीच परंपरा आहे. मर्यादित उत्पन्नाच्या लोकांची प्राप्तिकराची विवरणपत्रे स्वयंसेवकांनी भरून देण्याची योजना या देशात १९७१ पासून चालू आहे. केबेकमध्ये ती प्रांताच्या महसूल खात्याच्या जोडीने चालते. विवरणपत्र भरले म्हणूनच अनेक वृद्धांस व लेकुरवाळ्या कुटुंबांस सरकारी साह्याचे हप्ते मिळत राहतात. तसेच नगरातील अन्नभांडार पाहावे. तेथे खोकी भरणारे हात जितके आवश्यक, तितकाच नासका माल ओळखणारा भाजीवाला, शीतपेटी दुरुस्त करणारा तंत्रज्ञ आणि गाड्यांचे मार्ग आखणारा वाहतूकदार आवश्यक. किराणा दुकानदाराने एक पोते तांदूळ दिला तर तो महिन्याभरात संपतो. जुना माल पुढे व नवा मागे ठेवण्याची साधी रीत त्याने कोठीतील मुलांस शिकविली, तर ती वर्षानुवर्षे पोती वाचविते.

मग या दानात अडते कोठे? दोन्हीकडे दोष आहेत, आणि ते बोलून दाखविल्यावाचून सुधारणा होणार नाही.

पहिला दोष घेणाऱ्यांचा. समाजात एखादा तरुण वकील झाला की त्याचा सन्मान होतो, शाल दिली जाते, आणि त्याच समारंभात जेवणाच्या रांगेत पाच जण त्यास आपापले खटले सांगू लागतात. बारशाला, लग्नाला, अंत्यविधीलाही त्याची सुटका नसते. कागद दाखविलेला नसतो, तारीख आठवत नसते, दुसऱ्या बाजूचे म्हणणे ठाऊक नसते; तरी उत्तर मात्र तेथल्या तेथे हवे असते. दोन वर्षांत तो समारंभांना येईनासा होतो आणि लोक म्हणतात, "शिकला आणि दूर गेला." वस्तुतः त्यास दूर घालविण्यात आले. वैद्यास कोणी भोजनाच्या पंगतीत नाडी पाहावयास सांगत नाही. मग वकिलास आणि हिशेबनिसास तेवढी मर्यादा का नसावी?

दुसरा दोष देणाऱ्यांचा. काम फुकटाचे, म्हणून सवडीने करू, ही वृत्ती शिक्षितांतही आढळते. पैसे देणाऱ्या अशिलाचा कागद मंगळवारी जातो आणि मंडळाचा कागद 'बघू' या सदरात महिनोन्‌महिने पडून राहतो. विनामूल्य कामाची मुदत सरकार वाढवून देत नाही. ज्यास वेळ नाही त्याने आरंभीच तसे सांगावे. त्यात कमीपणा नाही. होकार देऊन काम न करणे हे नकारापेक्षा शतपटीने घातक, कारण तेवढ्या अवधीत मंडळ दुसऱ्या कोणाचा शोध घेत नाही.

तिसरा दोष दोहोंच्या मधला, तो म्हणजे संकोच. समजा, ज्याची जागा मंडळाने भाड्याने घेतली आहे तोच व्यापारी मंडळाचा विश्वस्त आहे, आणि करार तपासणारा वकील त्याच्याच पेढीचे काम पाहतो. तिघेही सज्जन आहेत. तरीसुद्धा ही व्यवस्था योग्य नाही. केबेकची नागरी संहिता संस्थेच्या व्यवस्थापकाकडून सावधपणा, दक्षता, प्रामाणिकपणा आणि संस्थेशी एकनिष्ठा यांची अपेक्षा करते, आणि स्वहित व संस्थेचे हित यांची गाठ पडेल अशी परिस्थिती टाळण्यास सांगते. हा अविश्वासाचा प्रश्न नाही. आपल्या हितसंबंधाची वाच्यता सभेत करावी, ती इतिवृत्तात नोंदवावी, आणि त्या विषयापुरते बाजूस बसावे. एवढे केले की सज्जनाचे सौजन्य अधिकच उजळते.

पावतीविषयीही घोटाळा होतो. वकिलाने वीस तास दिले, त्याची करसवलतीची पावती मंडळास देता येत नाही; कारण या देशाच्या करकायद्यात सेवा ही दान करण्याजोगी मालमत्ता समजली जात नाही. मंडळाने त्यास खरोखर फी दिली, त्याने ती आपल्या उत्पन्नात दाखविली आणि नंतर स्वेच्छेने तेवढी देणगी दिली, तर त्या देणगीची पावती देता येते. परंतु हे दोन व्यवहार निराळे झाले पाहिजेत आणि दोन्हींच्या नोंदी राहिल्या पाहिजेत. तद्वत, स्मरणिकेत व्यापाऱ्याची जाहिरात छापली तर त्या रकमेस देणगी म्हणू नये. तो त्याच्या धंद्याचा खर्च होय. अशा बारकाव्यांत चूक झाली की देणाऱ्याचे पुण्य आणि घेणाऱ्याची नोंदणी, दोन्ही अडचणीत येतात.

यावर उपाय अवघड नाहीत. मंडळाने तज्ज्ञाकडे जाताना प्रश्न एका कागदावर लिहून न्यावा. सोबत मूळ कागदपत्रांच्या प्रती आणि मुदतीची तारीख असावी. मंडळाच्या वतीने एकाच व्यक्तीने बोलावे. पाच जणांनी पाच सूचना देऊ नयेत. काम विनामूल्य असले तरी ते कोठून कोठपर्यंत, कोणत्या तारखेपर्यंत, याचे चार ओळींचे पत्र उभयतांनी करावे. सल्ला मिळाला की तो पाळावा, किंवा न पाळण्याचे कारण नोंदवावे. मागून मिळविलेला सल्ला फडताळात ठेवून देणे हा तज्ज्ञाचा अपमान होय. जे काम मंडळास पैसे देऊन करून घेणे शक्य आहे ते पैसे देऊनच करून घ्यावे, म्हणजे विनामूल्य सेवा ज्यांस खरोखर ऐपत नाही त्यांच्यासाठी शिल्लक राहील. आणि या सर्व कामाचे टाचण एका जाड वहीत राहावे, ती वही चिटणिसाच्या घरी नव्हे तर मंडळाच्या कपाटात राहावी, म्हणजे चिटणीस बदलले तरी स्मृती बदलणार नाही.

यांहून महत्त्वाची एक गोष्ट आहे. उत्तम तज्ज्ञ तो, जो काम करून जाताना दुसऱ्यास थोडे शिकवून जातो. विवरणपत्र भरताना हिशेबनिसाने मंडळातील दोन तरुणांस शेजारी बसवावे. करार वाचताना वकिलाने चिटणिसास विचारावे की या कलमाचा अर्थ तुम्हांस काय वाटला. असे तीन वर्षे झाले तर मंडळास आपले साधे कागद स्वतः वाचता येतील आणि तज्ज्ञास केवळ कठीण प्रसंगी त्रास द्यावा लागेल. दान घेणाऱ्याची गरज हळूहळू कमी करणारे दान श्रेष्ठ, असे मानावयास हरकत नाही.

दीडशे वर्षांपूर्वी मॉरिशसच्या त्या अर्जावर ज्या हजारो निशाण्या उमटल्या, त्या उमटविणाऱ्यांपैकी कितीकांस अर्जातील एक शब्दही वाचता आला नसेल. तरीसुद्धा तो अर्ज त्यांचाच होता. कारण ज्याने तो लिहिला त्याने त्यांची गाऱ्हाणी ऐकून लिहिला, आणि त्यासाठी मार सोसला. त्या निशाण्यांची पतवंडे आज लव्हालच्या शाळांत फ्रेंच शिकतात. कोणी न्यायालयात वकिली करतात, कोणी हिशेब तपासतात, कोणी दुकाने चालवितात. त्यांच्यापाशी आता तीच विद्या आहे, जी एके काळी त्यांच्या पणजोबांस परक्याकडून मागून घ्यावी लागली. ती वर्षातून काही संध्याकाळ आपल्या मंडळास, आणि आपल्या मंडळाबाहेरील अडलेल्या शेजाऱ्यासही द्यावी, ही अपेक्षा फार मोठी नाही.

येत्या वार्षिक सभेत चिटणिसांनी एवढेच करावे. सभासदांमध्ये कोणास कोणता व्यवसाय अवगत आहे आणि वर्षात किती तास देता येतील, याची एक यादी फिरवावी. आणि पुढील स्मरणिकेच्या आभारांच्या पानावर, फुले व नारळ देणाऱ्यांच्या खाली, ज्यांनी कागद वाचले त्यांचीही नावे छापावीत. जागा कमी पडली तर अक्षर थोडे बारीक करावे. नाव मात्र गाळू नये.